उभ्यानं खावं, बसून भाजावं

ही मार्गदर्शिका पुणे, सांगली, नाशिक, नागपूर अशा ठिकाणांहून नोकरीपायी बंगळूरच्या येलहंक्यात येऊन पडलेल्या मराठी माणसासाठी आहे. त्याचं निम्मं सामान अजून खोक्यांत आहे, गॅसचं कनेक्शन आज-उद्यावर चाललंय आणि घरमालकानं "प्युअर व्हेज ना?" हे दोन-तीनदा विचारून झालंय. अशा माणसाला पहिल्याच महिन्यात दोन इच्छा होतात : बाहेर जाऊन काहीतरी बरं खावं, आणि घरात ओव्हन आणावा. पहिली भुकेमुळे होते. दुसरीला हवा जबाबदार आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर असलेल्या या गावात संध्याकाळी गार वारा सुटला, की ज्यानं जन्मात पोळी लाटली नाही त्यालाही लोणी-साखर फेसावीशी वाटते.

दोन्ही इच्छा वाईट नाहीत. वाईट एवढंच, की आपण दोन्हींचा समारंभ करतो. बाहेर जेवायचं म्हटलं की दोन दिवस आधीपासून चर्चा, रेटिंगचा अभ्यास, बसायला जागा मिळेल ना याची काळजी. केक करायचा म्हटलं तर वाढदिवसच लागतो. येलहंक्यात सुखानं खायचं-प्यायचं असेल तर ही सवय मोडावी लागेल. पुढच्या सूचना क्रमानं वाचाव्यात. मधला मजकूर गाळून थेट ब्राउनीकडे जाणाऱ्यांची जबाबदारी आम्ही घेत नाही.

पात्रता

उमेदवाराला उभं राहून, एका हातात ताटली धरून, दुसऱ्या हातानं खाता आलं पाहिजे. कानडी येत नसेल तरी चालेल, भीड असेल तर चालणार नाही. इतिहासाचं ज्ञान लागत नाही, असल्यास आवरून ठेवावं. केंपेगौडा हा मूळचा येलहंक्याच्या घराण्यातला आणि १५३७ मध्ये बंगळूर त्यानं वसवलं, हे इथल्या माणसाला ठाऊक असतं आणि तो ते अभिमानानं सांगतो. म्हणजे येलहंका हे बंगळूरचं उपनगर नसून बंगळूर हेच येलहंक्याचं वाढलेलं अंगण, असा त्याचा दावा. त्यानंतर शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, विजापूरच्या फौजेनं बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर मिळालं, हे मराठी माणसाला ठाऊक असतं. या दुसऱ्या माहितीचा टोकनच्या रांगेत पुढं सरकायला काडीचाही उपयोग होत नाही.

दर्शिनीत शिरण्याची रीत

दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं हॉटेल. १९८३ मध्ये जयनगरात आर. प्रभाकर यांच्या कल्पनेतून 'कॅफे दर्शिनी' सुरू झालं. खुर्च्या काढल्या, वेटर काढले, स्वयंपाकघर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आणलं. गिऱ्हाईक रेंगाळेना, भाव खाली आले, गर्दी वाढली. मग शहरभर दर्शिन्या झाल्या आणि आता येलहंका न्यू टाऊनच्या कुठल्याही चौकात उभं राहिलं की एक तरी नजरेला पडते. पाटी बहुधा कानडीत असते, पण तुपाचा वास कुठल्याच लिपीत नसतो, त्याच्या मागं जावं.

आत शिरल्यावर टेबल शोधू नये. आधी गल्ला. गल्ल्यावरच्या माणसाकडे मेनूबद्दल चौकशी करू नये, कारण तुमच्या मागं सात माणसं उभी आहेत आणि त्या सातांनाही काय हवं ते शाळेत असल्यापासून माहीत आहे. "ओंदु मसाला दोसे, एरडु कॉफी" एवढं घरून पाठ करून जावं. पैसे मोबाइलवरून द्यावेत, गल्ल्यावरची पेटी रक्कम मोठ्यानं जाहीर करते, म्हणजे तुम्ही काय खाणार हे सगळ्यांना कळतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळे तेच खाणार आहेत.

मग टोकन घेऊन खिडकीशी जायचं. इथं नवशिका हमखास दोन ठिकाणी फसतो. खाराबात मागवतो आणि भाताची वाट पाहत राहतो, समोर येतो उपमा. केसरीबात मागवतो, समोर येतो अननसाच्या फोडी घातलेला केशरी शिरा. दोन्ही एकाच ताटलीत शेजारी शेजारी हवे असतील तर चौचौबात मागवावा. शिरा आणि उपमा एकाच वेळी खाण्याची कल्पना आपल्याकडे कुणाला सुचली नाही हे मान्य करावं आणि खाऊन बघावा. भातच हवा असेल तर बिसीबेळे बात. त्यावर खारी बुंदी मागायला विसरू नये.

सांबारात गूळ असतो. तक्रार करू नये. आमटीत गूळ घालून वाढलेल्या माणसानं तर मुळीच करू नये. सांबार वेगळं हवं की इडली-वडा त्यात बुडवूनच हवा, हे खिडकीवर सांगायचं असतं. न सांगितल्यास तुमच्या वतीनं तो माणूस निर्णय घेतो आणि बहुतेक वेळा तो निर्णय योग्य असतो. चटणी हवी तितकी मिळते. ताटली पुढं करून "चटणी" म्हणायचं आणि पुरे झाल्यावर "साकु" म्हणायचं. "साकु" वेळेवर म्हटलं नाही तर चटणीत इडली शोधावी लागते.

कॉफीची खिडकी सहसा वेगळी असते. तिथं पेला हातात आल्यावर लगेच पाठ फिरवू नका, एकदा नीट बघा. माणूस दहा-बारा पेले ओळीनं मांडतो. पितळी फिल्टरखालच्या भांड्यातून छोट्या मापानं प्रत्येकात डिकॉक्शन टाकतो, काळंभोर, बोटभर. मग उकळत्या दुधाचं भांडं वर उचलतो आणि धार न तोडता ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. फेस प्रत्येक पेल्याच्या काठाशी येऊन थांबतो. ओट्यावर थेंब नाही. हे तो गिऱ्हाइकाशी क्रिकेटबद्दल बोलत, पेल्यांकडे न बघता करत असतो. साखर कमी हवी असेल तर "सक्करे कडिमे" हे धार सुरू व्हायच्या आधी म्हणावं लागतं, नंतर म्हटल्यास तो फक्त हसतो. एका कॉफीच्या पैशांत दोघांनी दोन पेल्यांत प्यायची असेल तर "बाय टू" म्हणावं. यात कंजूषपणा नाही. उलट सकाळी फिरून आलेले निवृत्त गृहस्थ हेच मागवतात आणि त्या अर्ध्या पेल्यावर अर्धा तास राजकारण करतात.

बसूनच खायचं असेल तर

आई-बाबा गावाहून आले की उभ्यानं खाणं बाद. बाबा म्हणतात, "माणसानं कसं, मांडी नाही तर निदान खुर्ची तरी पाहिजे." अशा वेळी वरच्या मजल्यावर एसी हॉल असलेलं उडुपी हॉटेल गाठावं. डोसा तोच, तवा तोच, आचारी तोच, फक्त जिन्याच्या पायऱ्यांगणिक भाव वाढत जातो. बाबा मेनूकार्ड उघडून आधी उजवीकडचा रकाना वाचतील. वाचू द्यावा. आई विचारेल, "डोशात हे लाल काय लावलंय?" बंगळूरच्या मसाला डोशाला आतून लाल चटणीचा हात फिरवलेला असतो आणि त्या लसणीच्या चटणीशिवाय तो इथं पुरा समजत नाहीत. आईला पटायला दोन घास लागतात. त्यानंतर ती कृती विचारायला आत जाऊ लागते, तिला थोपवावं.

एक धोक्याची सूचना. कुणीतरी सांगेल की खरा डोसा खायचा तर गांधी बाजारातल्या 'विद्यार्थी भवन'लाच जायला हवं, ते १९४३ पासून आहे, नाहीतर मल्लेश्वरमच्या 'सीटीआर'ला, तिथला लोण्याचा डोसा खा. दोन्ही डोसे खरोखर उत्तम आहेत. पण रविवारी सकाळी येलहंक्याहून निघून, हेब्बाळच्या उड्डाणपुलावर थांबून, पार्किंग शोधून, दारात नाव लिहून, ताटकळून खाल्लेला डोसा हा सहज खाल्लेला डोसा राहत नाही. ती यात्रा आहे. वर्षातून एकदा करावी, जमल्यास पाहुण्यांच्या गाडीनं. एरवी घराखालच्या तव्यावर भरवसा ठेवावा. आमच्या मते चांगल्या डोशाचं पहिलं लक्षण चव नसून अंतर आहे. तो चपला घालून जाता येईल इतक्या जवळ हवा.

मांसाहारी उमेदवारांसाठी

बंगळुरात 'मिलिटरी हॉटेल' अशी पाटी दिसली तर कँटीनचं कार्ड शोधू नये. तिथं मटण मिळतं, एवढाच त्या पाटीचा अर्थ. खिमा, पाया, रक्ती, नाचणीचा उंडा म्हणजे मुद्दे आणि द्रोणातली बिर्याणी. यातली काही जुनी हॉटेलं इथल्या मराठा घराण्यांनी काढलेली आहेत. कॉटनपेटेतलं एस. जी. राव यांचं मिलिटरी हॉटेल १९०८ चं. जयनगराच्या एका हॉटेलचं तर नावच 'शिवाजी मिलिटरी हॉटेल' आहे. या घराण्यांच्या घरात मराठी अजून बोलली जाते, पण तिचे हेल इतके कानडी झालेले असतात की पहिल्या वाक्याला तुम्ही गोंधळता आणि दुसऱ्या वाक्याला घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं. बिर्याणी येते ती पानाच्या द्रोणात, बारीक आखूड दाण्याच्या जीरग सांबा तांदळाची, पुदिना-कोथिंबिरीनं हिरवट झालेली. तांदूळ बासमती नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हैदराबादला बदली मागून घ्यावी. द्रोणातली बिर्याणी आता येलहंक्यातही जागोजाग मिळते, कॉटनपेटेपर्यंत जायची गरज नाही.

मात्र दर दोन वर्षांनी या अभ्यासक्रमाला सुट्टी लागते. येलहंक्याच्या हवाई दलाच्या तळावर १९९६ पासून 'एरो इंडिया' हे विमानांचं प्रदर्शन भरतं. मटणाच्या दुकानांमागं टाकलेल्या टाकाऊ तुकड्यांवर घारी येतात, घारी विमानांना धडकतात, म्हणून प्रदर्शनाच्या आधीपासून ते संपेपर्यंत तळाच्या आसपास मांसविक्री बंद ठेवली जाते, हॉटेलांतले मांसाहारी पदार्थसुद्धा. २०२५ मध्ये ही बंदी २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी होती आणि तिची त्रिज्या होती तेरा किलोमीटर. जगातल्या नामांकित लढाऊ विमानांना तुमच्या चिकन सिक्स्टी-फाइव्हची भीती वाटते, ही गोष्ट गावी फोन करून सांगण्यासारखी आहे. त्या दिवसांत पाहुण्यांना बोलवायचं असेल तर आधी तारखा बघाव्यात. नाहीतर मेहुणा सुखोई पाहायला येतो आणि पनीर खाऊन परत जातो.

बेकरी : काय विकत घ्यावं

आता आपण ओव्हनच्या जवळ येत चाललो आहोत, पण अजून घ्यायचा नाही. आधी कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीत महिनाभर उमेदवारी करावी.

अय्यंगार बेकरी पुण्या-मुंबईतही गल्लोगल्ली आहे, त्यामुळे हे नाव नवशिक्याला नवं नसतं. तिचं मूळ मात्र इकडचं. हासन जिल्ह्यातल्या एच. एस. तिरुमलाचार यांनी १८९८ मध्ये बंगळूरच्या चिकपेटेत 'बंगलोर ब्रदर्स बेकरी' काढली, लोक तिला बी. बी. बेकरी म्हणतात. पाव-बिस्किटं साहेबाची आणि भट्टीशी उभा वैष्णव ब्राह्मण. त्यामुळे अंडं आलं नाही, पण हिरवी मिरची, कांदा, कढीलिंब आणि खोबरं बिनदिक्कत आत शिरलं. त्यातून खारा बन झाला. युरोपात कुणी पावाच्या पिठात कोथिंबीर-मिरची मळली असेल असं वाटत नाही, आणि त्यात नुकसान युरोपाचं आहे.

बेकरीत जायची वेळ संध्याकाळी चार ते पाच. पफचा ट्रे तेव्हा बाहेर येतो. पफ उभ्यानंच, कागदावर धरून, किंचित पुढं वाकून खावा, म्हणजे पापुद्रे शर्टावर न पडता रस्त्यावर पडतात. मग दिलपसंद : वर-खाली पोळी, मध्ये खोबरं, टूटीफ्रूटी, साखर. एक अख्खी पोळी एकट्यानं संपवू नये, चौथाई भाग मागावा. बेण्णे बिस्कीट तोंडात टाकल्यावर चावू नये, थांबावं. आणि हनी केक : साधा स्पंज, पाकात भिजवलेला, वर लाल जॅम, त्यावर खोबऱ्याचा कीस. नावात मध आहे तेवढा पुरे, बाकी काम साखरेच्या पाकावर भागलेलं असतं. साठीच्या गृहस्थांनाही हा केक समोर आला की बोटं चाटावीशी वाटतात, म्हणून मीटिंगच्या आधी खाऊ नये.

या महिनाभरात एक गोष्ट ध्यानात आली पाहिजे. पफ, पाव, खारा बन, दिलपसंद हे पदार्थ घरी करायचे नसतात. पफच्या पिठात चरबीचे थर घालून घडीवर घडी लाटायची, प्रत्येक घडीनंतर गार करायचं, ओटा गार, हात गार, आणि एवढं करून तुमच्या दोन वीत ओव्हनमधून सहा पफ निघणार. शंभर पावलांवर तोच पफ गरम मिळतो. ज्याला तरीही शिकायचंच आहे त्यानं हौसेचा भार घरच्यांवर टाकू नये. हेब्बाळला कृषी विद्यापीठाचा बेकरी प्रशिक्षण विभाग आहे, तिथं मैदा, यीस्ट, भट्टी यांचं रीतसर शिक्षण मिळतं. येलहंक्याहून जायला सोपं आहे.

घरी करायचं ते बेकरीत मिळत नाही तेच : जास्त तूप घातलेलं, जास्त चॉकलेट घातलेलं, परवडणार नाही इतकं चांगलं. घरच्या बेकिंगनं पैसे वाचतात असं जो सांगतो त्यानं कधी चांगल्या चॉकलेटचं बिल भरलेलं नसतं.

ओव्हन : आगमन आणि स्थापना

आपल्या आधीच्या पिढीला ओव्हनची अडचण नव्हती, कारण ओव्हन नव्हता. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीच्या आधी रवा-मैदा, तूप, साखर मोजून पिशव्या भरायच्या, डबा घेऊन गावातल्या बेकरीत जायचं, तिथं ट्रेवर नानकटाई थापून द्यायची आणि भट्टीतून भाजून आणायची. ट्रेवर आपलं नाव लिहिलेली चिठ्ठी, आणि तरीही शेजारणीची नानकटाई आपल्या डब्यात आली असा संशय. त्यानंतर आला तो खिडकीवाला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन, आणि कुकरच्या तळाशी वाळू किंवा मीठ पसरून, शिट्टी व रिंग काढून केलेला केक. त्या केकला एका बाजूनं नेहमी उतार असायचा. कुणाचं काही अडलं नाही.

आता ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा विजेचा ओव्हन. तीसेक लिटरचा घ्यावा. त्याहून लहान घेतला तर केकचा वरचा भाग कॉइलला टेकतो, मोठा घेतला तर ओट्यावर पोळपाट मावत नाही. असा ओव्हन दीड-दोन हजार वॉट ओढतो, त्याला सोळा अँपिअरचं सॉकेट लागतं. भाड्याच्या घरात असं सॉकेट बहुधा एक बाथरूममध्ये गीझरला आणि एक बेडरूममध्ये एसीला दिलेलं असतं, स्वयंपाकघरात नसतंच. एक्स्टेंशन बोर्डवर चालवू नये, वायर तापते. इलेक्ट्रिशियनला बोलवावं. तो "नाळे" म्हणेल, म्हणजे उद्या, आणि ते त्याच आठवड्यातलं उद्या असेलच असं नाही. तोवर ओव्हन बेडरूममध्ये ठेवून केक करणारी मराठी जोडपी येलहंक्यात आहेत. त्यांच्या उशांना व्हॅनिलाचा वास येतो.

घरमालक खालीच राहत असेल तर अंड्याचा प्रश्न उभा राहतो. केकमध्ये अंडं म्हणजे व्हेज की नॉनव्हेज, यावर वाद घालू नये. दही आणि खाण्याचा सोडा वापरून केक करावा आणि पहिला तुकडा खाली पाठवावा. त्यानंतर घराचं भाडं कमी होत नाही, पण पाण्याची मोटर वेळेवर सुरू होते.

हवा, उंची आणि इतर कारणं

उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे बेकिंग पावडरचा वायू लवकर आणि जास्त फुगतो. पीठ आतून शिजून धरण्याआधीच केक वर चढतो आणि मग मध्ये बसतो. पाश्चात्त्य पाकपुस्तकं साधारण तीन हजार फुटांच्या वर प्रमाण बदलायला सांगतात. येलहंका नेमकं तीन हजार फुटांच्या उंबरठ्यावर आहे. म्हणजे खरं तर बदल करायची फारशी गरज नाही, पण केक बसला तर उंचीचं कारण सांगायची सोय आहे. ही सोय पुण्याच्या माणसाला नाही, मुंबईच्या माणसाला तर नाहीच. ती वाया घालवू नये. सावध माणसानं बेकिंग पावडर चिमूटभर कमी घालावी एवढंच.

इथल्या हवेचा खरा परिणाम लोण्यावर होतो. मुंबईत लोणी फ्रिजमधून काढून फोन घेईपर्यंत वितळतं. येलहंक्यात डिसेंबरच्या सकाळी ते दोन तास बाहेर ठेवूनही बोटानं दाबलं जात नाही. थंड लोणी साखरेत फेसलं तर हवा धरत नाही, केक जड होतो. मऊ हवं, वितळलेलं नको : बोट टेकवल्यावर खळगा पडला पाहिजे, बोट आरपार जायला नको. लोणी बिनमिठाचं घ्यावं, नंदिनीचं इथं सहज मिळतं. खारं वापरलं तर वरून मीठ घालू नये. विमानांच्या आवाजानं केक बसतो ही समजूत चुकीची आहे. तो बसतो दर तीन मिनिटांनी ओव्हनचं दार उघडून बघितल्यानं.

पहिला केक कडेला करपला, मध्ये ओला राहिला आणि हातात घेतल्यावर वजनदार लागला तर निराश होऊ नये. याच येलहंक्यात १९८४ पासून रेल्वेचा चाकांचा कारखाना आहे, तिथं वितळलेलं पोलाद ग्राफाइटच्या साच्यात भरून गोल चाकं काढतात. तुमच्या केकला आकार, रंग आणि घनता तीच आली असेल तर त्याला स्थानिक परंपरा म्हणता येईल.

कृती पहिली : नानकटाई

मैदा १२५ ग्रॅम, बेसन दोन मोठे चमचे, रवा एक चमचा, घट्ट साजूक तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, वेलदोडा, खाण्याचा सोडा चिमूट. वजनकाटा घ्यावा. "एक वाटी" लिहिणाऱ्याची वाटी आणि तुमची वाटी यांची कधी भेट झालेली नसते. तूप-साखर पांढरं होईपर्यंत फेसायचं, कोरडं चाळून घालायचं, मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गोळे चपटे करून १६५ अंशांवर अठरा-वीस मिनिटं. बाहेर काढताना नानकटाया मऊच लागतात. इथं घाबरून आणखी दहा मिनिटं ठेवणाऱ्यांची मोठी संख्या आहे, त्यांच्याकडे नानकटाई फोडायला बत्ता लागतो. गार झाल्यावर त्या आपोआप कडक होतात. गार होईपर्यंत खुर्ची घेऊन बसावं.

कृती दुसरी : ब्राउनी

हिला समजुतीनं घ्यावं लागतं. चॉकलेटचं पाकीट उलटं करून वाचा. घटकांत कोको बटर लिहिलं असेल तर ते चॉकलेट, वनस्पती तेल किंवा चरबी लिहिलं असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड स्वस्त असतं, चकाकतं आणि टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. १५० ग्रॅम खरं गडद चॉकलेट आणि १२० ग्रॅम लोणी पाण्याच्या भांड्यावर वितळवा. त्यात १८० ग्रॅम साखर, मग दोन अंडी एकेक करून (घरमालकाची परिस्थिती पाहून), मग ८० ग्रॅम मैदा आणि २० ग्रॅम कोको. मैदा पडल्यावर ढवळणं थांबवायला शिकलं पाहिजे, बहुतेकांना तेच जमत नाही. सात इंची चौकोनी डब्यात, १७५ अंश, बावीस-पंचवीस मिनिटं. टोचलेली काडी कोरडी निघाली तर उशीर झाला. तिला ओलसर कण चिकटून आले पाहिजेत.

साखर बघून आई फोनवर म्हणेल, "अगं, कणीक आणि गूळ घालून कर की." होकार द्यावा आणि साखरच घालावी. कणीक-गुळाची ब्राउनी पौष्टिक असते. पण पौष्टिक खायचं असेल तर घरात नाचणी आहे.

हौशी माणसासाठी एक स्थानिक पर्याय. दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूर या पट्ट्यात 'बंगलोर ब्लू' जातीची द्राक्षं होतात : जांभळीकाळी, जाड सालीची, बियांची, उग्र वासाची. हंगामात रस्त्याच्या कडेला ढीग लागतात. नाशिकच्या माणसानं ती तोंडात टाकून लगेच मत देऊ नये. ही द्राक्षं नुसती खायला बेताची, पण साखरेबरोबर शिजवून, गाळून, आटवली की त्यांचा जॅम असा होतो की साध्या स्पंजवर पसरल्यावर दुसरं काही लागत नाही.

डिसेंबरात शहरात केकचं मोठं प्रदर्शन भरतं, १९७० च्या दशकापासून भरतंय. साखरेचे महाल, मनोरे, माणसाएवढे पुतळे. अवश्य पाहून यावं. मात्र घरी आल्यावर त्या रात्री ओव्हन लावू नये.

शंका-समाधान

सोसायटीच्या ग्रुपवर केकचा फोटो टाकावा का?
टाकल्यास दहा मिनिटांत "ऑर्डर घेता का?" असा प्रश्न येईल. ग्रुपवर आधीच चार होम बेकर आहेत आणि त्या तुमचा फोटो मोठा करून बघत आहेत. शिवाय विकायचं म्हटलं की घरच्या ओव्हनलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असली तरी प्राथमिक नोंदणी चुकत नाही. फोटो आईला पाठवावा.

केक अर्धा झाला आणि वीज गेली तर?
"करंट होय्तु" असं जोरात म्हणावं, सगळी इमारत तेच म्हणत असते. दार उघडू नये. पंधरा मिनिटांत आली तर केक वाचतो. ओटीजी जनरेटरच्या लाइनवर लावला तर केकबरोबर लिफ्टही बंद पडू शकते, आणि मग केक कुणासाठी केला हा प्रश्न उरतो.

नवरा म्हणतो, डाएट चालू आहे. काय करावं?
ब्राउनीचे तुकडे लहान करावेत. तो चार खाईल.

केक फुगलाच नाही तर?
आडवे काप करून पाकात भिजवावा, वर जॅम आणि खोबरं, आणि पाहुण्यांना हनी केक म्हणून द्यावा. भिजवण्याइतकाही जाळीदार नसेल तर बोटाएवढे काप करून १५० अंशांवर पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं वाळवावेत, चहाबरोबर रस्क म्हणून खपतात. रस्कही करपले तर पायात चपला घालाव्यात. कोपऱ्यावरची बेकरी नऊपर्यंत उघडी असते, पण बेण्णे बिस्किटं साडेआठलाच संपतात.